डोळा दुखतोय, पण कसा दुखतोय?

या वेळी डोळेदुखीवरच इतके प्रश्न आलेत की चष्म्याचे नंबर, मोतीबिंदू वगैरे बाकी सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. उत्तरं द्यायच्या आधी एक तक्रार करून घेते. आपल्या भाषेत या दुखण्याला किती शब्द आहेत बघा, डोळा खुपतो, टोचतो, चुरचुरतो, ठणकतो, जड होतो, आग होते, आणि तपासायला आलेला माणूस खुर्चीत बसला की एकच सांगतो, "डॉक्टर, डोळा दुखतोय." अहो पण कसा? कारण त्या एका क्रियापदावर माझं अर्धं काम होतं. खुपतो, टोचतो, वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणालात की भानगड बहुतेक वरच्या थरात असते. ठणकतो, आतून कुणी दाबतंय म्हणालात की मला आत बघावं लागतं. तरी शंका राहिलीच तर आम्ही बधिर करणारा एक थेंब टाकतो, मिनिटभरात दुखणं पळालं तर ते वरचं, नाही पळालं तर आतलं.

आणि दुसरं, जास्त दुखतंय म्हणजे जास्त धोका असं डोळ्याच्या बाबतीत धरून चालू नका. पापणीखाली अडकलेला एक कण माणसाला रडवतो आणि नजर कायमची घालवणारे काही आजार हूं की चूं करत नाहीत. चला, पत्रं.

प्रश्न : वय ३४, दिवसभर लॅपटॉप. दुपारी चारनंतर डोळे जड होतात, मागून ओढल्यासारखं होतं आणि मधेच घळाघळा पाणी येतं. दुकानात मशीनवर नंबर चेक केला, शून्य आला. ब्लू लाइटवाला चष्मा घेतला, शून्य फरक. पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे तर नाहीत ना?

उत्तर : कोरडेच आहेत, म्हणून तर पाणी येतंय! एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर बसलो की ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं आणि जे मिटतो तेही अर्धवट, म्हणजे वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. मग अश्रूंचा पातळ थर मधेच फाटतो, कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच उघडी पडते, आणि शरीरात सगळ्यात दाट नसा कुठे असतील तर त्या तिथेच, त्या बोंब मारतात आणि मग ग्रंथी एकदम टाकी उघडल्यासारखं पाणी सोडतात. पण ते पाणी पातळ, त्यात तेलाचा अंश कमी, त्यामुळे डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळून जातं.

चष्म्याचं म्हणाल तर स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडापुढे अगदीच किरकोळ असतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी अशा चष्म्यांच्या १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही त्यात दिसलं नाही. घेतलाय तर वापरा, फ्रेम चांगली असेल, पण औषध म्हणून नको.

मला तुमच्या पत्रातलं खटकलं ते "मागून ओढल्यासारखं". तरुण डोळ्यात प्लस नंबर लपून बसतो, डोळा स्वतःच जोर लावून तो भरून काढत असतो, मशीन शून्य दाखवतं आणि संध्याकाळपर्यंत तो बिचारा दमतो. कधी जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळवायची ताकद कमी पडते. त्यामुळे बाहुली मोठी करणारे थेंब टाकून नीट तपासणी एकदा करून घ्या, दुकानातल्या मशीनवर हे कळत नाही. तोवर स्क्रीन हातभर लांब आणि नजरेच्या थोडी खाली ठेवा, खाली बघताना डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. एसीचा झोत थेट तोंडावर नको. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं हा नियम तुम्ही ऐकला असेलच, पाळत कुणीच नाही हेही मला माहितीय, मी स्वतः विसरते, म्हणून एक सोपी सवय लावून घेतलीय, मेल पाठवला की दोनदा पापण्या पूर्ण मिटायच्या, अगदी घट्ट टेकेपर्यंत. कोमट ओल्या फडक्याने पाच-दहा मिनिटं शेक दिला की पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी मोकळ्या होतात. अश्रूंसारखे थेंब वापरायला हरकत नाही, फक्त दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. डोळे पांढरेशुभ्र करून देतो म्हणणारे थेंब मात्र नकोत, त्यांचा असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल होतो.

प्रश्न : बाबा ६३ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांत तीनदा असं झालं की संध्याकाळी दिवे बंद करून टीव्ही बघत बसले आणि उजवा डोळा नि त्याच बाजूचं कपाळ ठणकायला लागलं, मळमळलं, एकदा उलटीपण झाली. दिव्यांभोवती रंगीत गोल दिसतात म्हणतात. झोपून उठले की एकदम ठीक. घरात सगळे म्हणतात पित्त आहे. बाबा म्हणतात झोपेने बरं होतंय तर डॉक्टर कशाला?

उत्तर : हे पित्त वाटत नाही हो. आणि झोपेने बरं होतंय हीच तर गंमत आहे, तीच मला घाबरवतेय.

डोळ्याच्या आत सतत एक पाणी तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक कोनातून ते बाहेर जात असतं. नळ चालू आणि मोरीही चालू, म्हणून डोळ्याचं प्रेशर साधारण १० ते २१ (मिलिमीटर पाऱ्यात) च्या दरम्यान राहतं. काही लोकांची ही मोरी जन्मतःच अरुंद असते, त्यात वयाबरोबर डोळ्यातलं भिंग जाड होत जातं आणि बुबुळाला पुढे ढकलतं. अंधारात बाहुली मोठी झाली की बुबुळाची कड त्या कोनात चोंदते, मोरी बंद, नळ चालूच. प्रेशर काही तासांत ४०-५० च्या वर जाऊ शकतं. कॉर्नियाला सूज येते म्हणून दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे गोल दिसतात. झोपेत बाहुली बारीक होते, बुबुळ ताणून कोन उघडतो, प्रेशर उतरतं. सकाळी बाबा ठणठणीत आणि आपण म्हणतो पित्त होतं!

मी इथून निदान करत नाहीये, पण तुमचं वर्णन कोन बंद होणाऱ्या काचबिंदूच्या वर्णनाशी फार जुळतंय, त्यामुळे उद्या सकाळी बाबांना नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि हे गोलांचं आठवणीने सांगा. आरशाची एक छोटी काच डोळ्याला लावून तो कोन प्रत्यक्ष बघता येतो. अरुंद निघाला तर लेझरने बुबुळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतात म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते, काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. बहुतेकदा दुसऱ्या डोळ्यालाही करतात कारण तोही त्याच घडणीचा असतो. कधीकधी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ते जाड भिंगच काढून टाकलेलं बरं पडतं.

तोपर्यंत दोन गोष्टी. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या परस्पर देऊ नका, त्यातल्या बऱ्याच बाहुली मोठी करतात. आणि पुन्हा दुखलं, डोळा लाल झाला, धुरकट दिसायला लागलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सीत, कारण अशा एका रात्रीत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस कायमची जाऊ शकते. मी पाहिलेल्या अशा पेशंटांपैकी काही आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले होते, एकांचं तर डोक्याचं स्कॅनिंगसुद्धा झालं होतं, डोळ्यात टॉर्च मारून बघायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

जाता जाता, काचबिंदूचा दुसरा, म्हणजे मोरी उघडी पण जाळी तुंबलेली असा जो प्रकार, तो अजिबात दुखत नाही. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला गेलात की प्रेशर आणि नसही बघून घ्या.

प्रश्न : आईला कालपासून डाव्या डोळ्यात विजा चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके वाढलेत आणि एका बाजूने सावली आल्यासारखं वाटतंय. दुखत अजिबात नाही म्हणून पुढच्या आठवड्यात दाखवू म्हणतेय. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. यांना उत्तर छापून यायची वाट न बघता लगेच कळवलं, इथे देतेय ते बाकीच्यांसाठी. डोळ्याच्या मागचा पडदा म्हणजे रेटिना, त्याला दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत, तो फाटला, सुटला तरी ओरडत नाही, फक्त विजा, ठिपके आणि सावली एवढंच सांगू शकतो. सावली आली की आजच्या आज.

प्रश्न : मी फॅब्रिकेशनच्या कामात आहे. परवा ग्राइंडिंग करताना डोळ्यात काहीतरी उडालं, रात्रभर खुपत होतं. सोबतच्या मित्राकडे डॉक्टरांकडची बधिर करायची बाटली होती, ती टाकली की मस्त वाटतं. ती किती दिवस वापरू?

उत्तर : एकही दिवस नाही. ती बाटली आजच टाकून द्या, मित्राला परतही देऊ नका. त्या थेंबाने जखम बरी होत नाही, फक्त अलार्मची वायर कापली जाते. वरून कॉर्नियाची नवी कातडी येणं थांबतं, पापण्या कमी मिटतात, जखम खोल होत जाते आणि वापरणाऱ्याला कळतही नाही, कारण त्याला मस्त वाटत असतं. आठ-पंधरा दिवस असे थेंब टाकून कॉर्नियाला भोक पडलेली माणसं मी बघितलीत.

आता तुमच्या डोळ्यात काय असेल ते सांगते. ग्राइंडिंगचा कण गरम उडतो आणि कॉर्नियावर चिकटतो, लोखंड असल्यामुळे दिवसभरात भोवती गंजाचं तपकिरी वर्तुळ धरतं. मशीनखाली ते अगदी स्पष्ट दिसतं, पांढऱ्या काचेवर खिळ्याचा डाग पडावा तसं. डोळा बधिर करून कण सुईच्या टोकाने उचलायचा, मग गंज खरवडायचा. कधी कण कॉर्नियावर नसतोच, वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला बसलेला असतो, पापणी मिटली की वायपरमध्ये खडा अडकावा तसा वरखाली ओढला जातो. आम्ही पिवळा रंग टाकून निळ्या दिव्यात बघतो तेव्हा कॉर्नियावर उभ्या उभ्या हिरव्या रेघा चमकतात, त्या दिसल्या की आधी पापणी उलटायची. तो कण कापसाने टिपला की माणूस खुर्चीतच हसतो, इतकं झटकन बरं वाटतं. पण हे घरी, मित्राच्या रुमालाच्या टोकाने करायचं काम नाही आणि डोळा चोळायचा तर नाहीच नाही.

वेल्डिंगही करत असाल तर हेही ऐका. काच न लावता ठिणगीकडे बघितलं तर त्या वेळी काहीच होत नाही, सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री, दोन्ही डोळ्यांत मिरची टाकल्यासारखं होतं. अतिनील किरणांनी कॉर्निया वरच्या वर भाजलेली असते. भयंकर दुखतं पण साधारण एक-दोन दिवसांत भरून येतं. याउलट छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला बारीक तुकडा सरळ डोळ्याच्या आत शिरू शकतो आणि दुखतो अगदी थोडा, त्यामुळे "हातोडा मारत होतो" हे डॉक्टरांना सांगाच, एक्सरे किंवा सीटी स्कॅन लागतो, आणि लोखंड आत असण्याची शंका असताना एमआरआय करायचा नसतो, चुंबकाने तुकडा सरकतो. गॉगल लावा हो, त्याने घाम येतो हे मान्य.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी माझ्या बाळाचं नख डोळ्याला लागलं होतं. तीन दिवसांत बरं झालं. पण आता मधूनच पहाटे डोळा उघडला की कुणीतरी सुई मारल्यासारखी कळ येते, पाणी येतं, दुपारपर्यंत काही नसतं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत सगळं नॉर्मल! मला वेड लागलंय असं घरच्यांना वाटतं.

उत्तर : वेडबिड काही नाही. मला स्वतःला हे झालंय, कागदाच्या कडेने. जखम वरून दोन-तीन दिवसांत भरते खरी पण नवी कातडी खालच्या थराला पक्की धरायला महिने घेते, नीट न चिकटलेल्या वॉलपेपरसारखी ती वर नुसती बसलेली असते. रात्री अश्रू कमी असतात, पापणी तिला चिकटते आणि पहाटे डोळा खाडकन उघडला की तेवढा तुकडा सोलून निघतो. दुपारपर्यंत परत भरतो म्हणून तपासणीत काही सापडत नाही. नख, कागद, झाडाचं पान असल्या खरवडण्यांनंतर हे जास्त होतं.

झोपताना वंगणाचं मलम रोज, बरं वाटलं तरी निदान तीन महिने. मी पहिल्यांदा तीन आठवड्यांत कंटाळून सोडलं आणि पुन्हा भोगलं. जाग आली की डोळे लगेच उघडू नका, मिटल्या डोळ्यांनीच बुबुळं हळूहळू इकडेतिकडे फिरवा, मग उघडा. उशाशी थेंबांची बाटली ठेवा. तरीही येतच राहिलं तर पट्टीसारखी लेन्स, लेझर असे उपाय आहेत, आणि जमलं तर कळ आलेल्या सकाळीच डॉक्टरांकडे जा, दुपारी नाही.

प्रश्न : वय २७. चार दिवसांपासून डावा डोळा हलवला की मागे दुखतं. लाल नाही, पाणी नाही. पण त्या डोळ्याने सगळं धुवून काढल्यासारखं फिकट दिसतं. मेडिकलवाल्याने स्टिरॉइडच्या गोळ्या देऊ का विचारलं.

उत्तर : गोळ्या नको आणि उशीरही नको. एक लाल वस्तू घे, आधी उजव्या डोळ्याने बघ मग डाव्याने. डाव्याने ती विटकरी किंवा गुलाबट दिसली तर डोळ्याच्या नसेला सूज असण्याची शंका घट्ट होते, हे दुखणं तुझ्या वयात आणि मुलींमध्ये जास्त दिसतं. बऱ्याच जणींची नजर काही आठवड्यांत आपोआप सुधारते, पण एमआरआय करावा लागतो कारण कधीकधी ही मेंदूच्या नसांवरचं आवरण खराब करणाऱ्या आजाराची पहिली खूण असते. आणि गोळ्यांना नको का म्हणाले, तर १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना हा त्रास पुन्हा जास्त झाला होता, शिरेतून आधी दिलेल्यांना नाही. दोनतीन दिवस थांबून बघू असं करू नकोस.

प्रश्न : मागच्या वर्षी डोळा लाल झाला तेव्हा दिलेले थेंब उरलेत. आता परत एक डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही. तेच टाकू का? (सोबत बरीच वर्षं कंबरही दुखते, सकाळी जास्त, त्यावर काही असेल तर सांगा.)

उत्तर : उरलेले थेंब टाकू नका. उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरायची असते आणि त्यात स्टिरॉइड असेल आणि डोळ्यात हर्पिसचा व्हायरस असेल तर आगीत तेल. कंसात जे लिहिलंय ते मात्र कंसातून बाहेर काढा! बुबुळाला सूज आली की उजेड टोचतो, इतका की चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी दुखरा डोळा दुखतो, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. तरुण वयात सुरू झालेली, सकाळी ताठरणारी आणि हालचालीने मोकळी होणारी कंबरदुखी आणि ही बुबुळाची सूज, दोन्ही एकाच संधिवाताच्या घरातली असू शकतात. डोळ्याच्या डॉक्टरांना कंबर सांगा, हाडांच्या डॉक्टरांना डोळा सांगा.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपले, सकाळपासून डोळा दुखतोय. लेन्स धुवून परत लावू?

उत्तर : काढ आणि लावू नकोस. पण फेकूही नकोस, डबीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा, जंतू शोधायला कामाला येते. लेन्स लावणाऱ्याचा दुखरा डोळा म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत इन्फेक्शन, आजच दाखव. आणि नळाच्या पाण्याने कधीही धुवायची नाही, त्यात एक अमीबा असू शकतो, तो कॉर्नियात शिरला की बाहेर काढायला महिने लागतात.

प्रश्न : वारंवार रांजणवाडी होते. फोडू का?

उत्तर : नका. दिवसातून तीन-चारदा कोमट शेक. त्याच जागी पुन्हा पुन्हा होत असेल तर दाखवा, आणि साखर तपासा.

प्रश्न : बाथरूमची नाली मोकळी करायची पावडर डोळ्यात उडाली तर आधी काय करायचं, हॉस्पिटल लांब आहे.

उत्तर : नळाखाली डोकं घाला. ही पावडर, सिमेंट, भिंतीचा चुना, हे सगळे अल्कली, ॲसिडपेक्षा खोल आत शिरतात आणि शिरतच राहतात, त्यामुळे पहिलं मिनिट हॉस्पिटलच्या रस्त्यावर घालवायचं नाही. साधं पाणी चालतं, ते उकळलेलं, गाळलेलं कसलं शोधत बसू नका. बोटांनी पापण्या उघड्या धरून, डोळा वरखाली, डावीउजवीकडे फिरवत निदान अर्धा तास धुवा, लेन्स असेल तर धुता धुता काढा, पावडरचे कण दिसले तर ओल्या फडक्याने टिपा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी गाडी काढायला सांगा आणि पावडरचा डबा सोबत घ्या, लेबल वाचायला.